कोणत्या रकान्यात

आर्वीच्या बंद जिनिंगमध्ये, सरकीच्या जुन्या वासात,
आम्ही निळे मॅट अंथरले त्याला तीन वर्षं झाली.
माझा हुकमी डाव पोटरीचा.
नडगी त्याच्या गुडघ्यामागे आडवी घालायची,
पाऊल आपल्याकडे ओढायचं,
आणि मांस दोन हाडांमध्ये धरायचं
अडकित्त्यात सुपारी धरतात तसं.

प्रल्हाद ठवकर तर नडगी टेकताच
मॅटवर दोन थापा मारायचा, "झालं गा, झालं!"
एका उन्हाळ्यात सत्तेचाळीस वेळा.
वहीत आहे, तारखेसकट.

पुलगावला मंगल कार्यालयात स्पर्धा होती.
स्टेजवर कालच्या लग्नाच्या झेंडूच्या माळा,
पंख्याला अडकलेला एक फुगा.
सत्तर किलोखाली माझ्यासमोर आला
सुकराम मरस्कोल्हे, गिट्टी खदानीवरचा.
अंगठ्याचं नख काळं पडलेलं,
भुवयांत दगडाची भुकटी, आंघोळीलाही न गेलेली.

दुसऱ्या मिनिटाला मी पोटरी धरली.
नीट धरली, हे आजही शपथेवर सांगतो.
दाबली.
त्याचा श्वास एकदा अडखळला, बस.
मग तो माझ्याकडे पाहत राहिला,
एसटी उशिरा येणार हे कळल्यावर
फाट्यावरचा माणूस रस्त्याकडे पाहतो तसा.
मी आणखी दाबली.
सुटायला लागली तेव्हा मनगटाचं हाड
त्याच्या जबड्याखाली घातलं,
बोटांची पेरं फासळ्यांत रोवली,
जे जे दुखतं म्हणून मला ठाऊक होतं
ते सगळं एका दमात खर्चून टाकलं.
माझेच हात आधी थकले.

मग तो वळला. घाई नव्हती त्याला.
पाठीवर आला, हात गळ्याभोवती,
आणि यात काही म्हणजे काही दुखलं नाही.
उलट गार वाटलं.
लोडशेडिंगमध्ये गाव एकेक गल्ली करत विझतं
तसा मी कडेकडेने विझलो.
थाप मारायचीच राहिली.
डोळे उघडले तेव्हा कोणीतरी माझे पाय वर धरलेले
आणि पंच विचारत होता, आज वार कोणता?

संध्याकाळी स्टेशनजवळच्या टपरीवर
तो लंगडत आला, शेजारी बसला.
"दुखलं नाही का तुले?"
"दुखलं ना बाप्पा. लय दुखलं."
"मंग?"
त्याने बशीत चहा ओतला, फुंकर मारली.
"दुखते तं दुखू दे. पाय माहाच हाये, जाते कुठं?
गयाचं तसं नाई.
तिथं 'सोडू का नोको' इचारणाराच झोपून जाते."

दुसऱ्या दिवशी मी प्रल्हादला गाठलं.
खरं सांग, एवढं दुखतं का माझ्या डावाने?
तो पायाने मॅटचा कोपरा सरळ करत राहिला.
"मले सकाळी फवाराले जा लागते.
पाठीवर पंप घेऊन लंगडत कोन चालन?
म्या थाप तुह्या डावाले नाई मारत,
माह्या उद्याले मारतो."

सत्तेचाळीस. वही उघडी होती,
मी पेन्सिल घेऊन बसलो आणि एकही ओळ खोडली नाही.

पोरांना हा डाव मी अजून शिकवतो.
एवढंच सांगतो, की याच्या भरवशावर राहू नका.
दुखलं की माणूस दोन बोटं सरकतो,
कधी तेवढाही नाही.
सरकलाच, तर त्या दोन बोटांत हात घाला
आणि गळ्याकडे जा.
पोरं माना डोलावतात, मग एकमेकांच्या पोटऱ्याच दाबतात,
कारण ओरडणं ऐकायला मजा येते.

पुढच्या महिन्यात पुलगावचा एक जण भेटला.
म्हणाला, सुकराम आठ दिवस खदानीवर गेला नाही,
पोटरी वांग्यासारखी झाली होती,
आठ दिवसांची रोजी बुडाली.

तेही वहीत लिहायचं आहे.
कोणत्या रकान्यात, ते ठरत नाही.